विद्यार्थिदशेतील श्रेय-प्रेय विचार



चैत्र-वैशाखात महाबळेश्वर, जावळी, वाई ह्या भागांत सप्त्यांच्या निमित्ताने आमचे हिंडणे होत असते. काल्याचे कीर्तन आटोपले, प्रसाद वाटून झाला, की चार मंडळी पारावर बसतात आणि मनातले विचारतात. पूर्वी विचारीत ते एकादशीचे, माळेचे, नामाचे. अलीकडे एक प्रश्न हटकून येतो. ‘महाराज, पोरगं बारावी झालं. आता साताऱ्याला, कोल्हापूरला, नाहीतर पुण्याला जाणार. तिथं ते नीट राहील ना?’ विचारणाऱ्याच्या गळ्यात माळ असते. घरी थोडी स्ट्रॉबेरी, थोडे भात, एखादी म्हैस असते. आपल्या घरातले पहिलेच मूल घाट उतरून महाविद्यालयात जात आहे ह्याचा अभिमान त्याच्या आवाजात असतो, आणि भीतीही असते.

हा प्रश्न एका घरचा नाही, म्हणून ह्या अंकात त्याचाच विचार करू. विद्यापीठात जाणाऱ्या मुलाने वा मुलीने चांगले काय आणि वाईट काय हे ओळखावे कसे, ओळखल्यावर निवडावे कसे, आणि निवड चुकली तर परत फिरावे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

१. एक उगम, दोन उतार

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात आपण बहुतेक सर्वजण गेलेले आहोत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्या तेथे एकत्र प्रकटतात आणि दगडी गोमुखातून त्यांचे पाणी कुंडात पडते, अशी आपली श्रद्धा आहे. कुंडात ओंजळ घातली तर त्यातले कृष्णेचे पाणी कोणते आणि सावित्रीचे कोणते हे सांगता यावयाचे नाही. परंतु पुढे काय होते पाहा. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि पोलादपूर, महाड करीत थोड्याच अंतरावर बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. कृष्णा पूर्वेचा उतार धरते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागरास मिळते. दोघीही पवित्रच, त्यात उणे-अधिक करू नये. पण फाटा फुटतो तो डोंगराच्या माथ्यावर, जेथे दोन ओघळांत हातभराचे अंतर असते. खाली कोकणात उतरल्यावर सावित्रीला पूर्वेकडे वळवू म्हटले तर कोणाच्याने होईल?

विद्यार्थिदशा हा तो माथा आहे. अठरा ते बावीस ह्या वयात केलेली निवड त्या वेळी हातभराच्या अंतराची दिसते. पहिल्या तासाला जावे की झोपून राहावे, ह्या सोबत्याबरोबर बसावे की त्या, आलेले पैसे खानावळीत भरावे की आणखी कशात घालावे, ह्या गोष्टी दिसावयास किरकोळ असतात. उतार मात्र त्यांनीच ठरतो.

२. नचिकेता नावाचा विद्यार्थी

आमचे शिकणे पाठशाळेतले. तेथे कठोपनिषद लागले तेव्हा नचिकेत्याची कथा आम्ही अर्थासाठी घोकली; ती विद्यार्थ्यांसाठी किती कामाची आहे हे पुढे उमगले. नचिकेता हा वयाने पोरच. बापाने यज्ञात म्हाताऱ्या, आटलेल्या गाई दान दिल्या, ते त्यास बरे वाटले नाही. ‘मला कोणाला देणार?’ म्हणून त्याने तीनदा विचारले. बाप रागावला आणि मृत्यूला देतो म्हणाला. मुलगा यमाच्या दारी गेला. यम घरी नव्हता. तीन रात्री उपाशी राहिला, म्हणून यमाने तीन वर दिले. तिसऱ्या वरात त्याने मरणापलीकडचे ज्ञान मागितले, तेव्हा यमाने त्याला वळवून पाहिले. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे घे, हत्ती-घोडे घे, सोने घे, जमीन घे, रथ आणि गाणे-बजावणे घे. हे एक सोडून काहीही माग. मुलाने उत्तर दिले की हे सगळे उद्यापर्यंतचे आहे आणि इंद्रियांचे तेज झिजविणारे आहे. तुमचे घोडे आणि तुमचा नाच-गाणे तुम्हालाच असू द्या.

त्यानंतर यम त्याला सांगतो की माणसापुढे नेहमी दोन गोष्टी येतात, एक श्रेय आणि एक प्रेय. प्रेय म्हणजे आता गोड वाटणारे. श्रेय म्हणजे खरे हित करणारे. शहाणा दोहोंना पारखून श्रेय घेतो, मंद मनुष्य प्रेयाला भुलतो. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. दोन्ही गोष्टी माणसाकडे चालत येतात, आणि त्या वेगवेगळ्या कपड्यांत येत नाहीत. म्हणूनच पारख करावी लागते.

ती पारख कशी करावी? गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे प्रकार सांगताना खूण दिली आहे. जे आरंभी विषासारखे कडू आणि परिणामी अमृतासारखे, ते सात्त्विक सुख. जे आरंभी अमृत आणि परिणामी विष, ते राजस. आणि जे आरंभी व शेवटीही भुलच पाडते, झोप, आळस आणि गैरसावधपणा यांतून येते, ते तामस. विद्यार्थ्याने ही कसोटी खिशात ठेवावी. गणित पहाटे उठून सोडविणे आरंभी कडू. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर बोट फिरवीत पडणे आरंभी गोड. शेवट ज्याचा त्याने आठ दिवसांत अनुभवून पाहावा. दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडत नाही.

३. संगत : कोणत्या दिंडीत चालावयाचे?

आता व्यवहाराकडे वळू. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबारायांची पालखी निघते तेव्हा लाखो माणूस चालत असते. त्यात वारकरी एकटा चालत नाही, तो दिंडीत चालतो. दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी असतो, चोपदार असतो, मुक्काम ठरलेला असतो. पाय दुखला तर पिशवी उचलणारा सापडतो, आणि मागे रेंगाळले तर हटकणाराही सापडतो. वारीत हरवलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, ‘तुमची दिंडी कोणती?’

महाविद्यालयात गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच आपली दिंडी निवडावी लागते. वसतिगृहात शेजारी कोण येईल हे आपल्या हाती नसते. पण रोज संध्याकाळी कोणाबरोबर बसावयाचे हे आपल्या हाती असते. संगत पारखण्याची खूण सोपी आहे. ज्याच्याबरोबर असताना तुम्ही घरी फोन उचलू शकता, ती संगत चांगली. ज्यांच्यात बसले असता घरचा फोन आला की उठून बाहेर जावे लागते, तेथे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

महाबळेश्वर-पाचगणीच्या मुलांना येथे एक वेगळा धोका आहे, तो आम्ही डोळ्यांनी पाहतो. मोठ्या शहरांतली महाविद्यालयीन मुले येथे सहलीला येतात. चार दिवस मोटारी, गोंगाट, पैशाची उधळण, कोठे कोठे बाटल्याही. आमच्या गावचे पोर, जे त्यांच्यापुढे घोडे धरून उभे असते किंवा मक्याची कणसे भाजीत असते, ते हे पाहते आणि समजते की महाविद्यालय म्हणजे हेच. बाळांनो, सहलीच्या चार दिवसांवरून कोणाचे वर्ष ओळखू नये. त्यातलीच पुष्कळ मुले उरलेले दिवस प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात घाम गाळतात. ते पाहावयास आपण तेथे नसतो. आणि ज्यांचे वर्षही सहलीसारखेच जाते, त्यांचा शेवट पाहावयासही आपण नसतो.

नव्या मुलांना छळण्याचा जो प्रकार रॅगिंग म्हणून चालतो, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सोसणे हा संतांचा गुण खरा, पण अन्याय लपविणे हा गुण नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, आणि २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व देशासाठी नियम केले. १८००-१८०-५५२२ ह्या क्रमांकावर तक्रार करता येते. मुलाने तो लिहून ठेवावा. आणि दुसऱ्या वर्षी आपण वरच्या वर्गात गेलो म्हणजे आपल्याकडून नव्या पोराला धक्का लागणार नाही, ही प्रतिज्ञा माळ घातलेल्याने तरी पाळलीच पाहिजे. वारीत लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात, ते कशासाठी?

४. वेळ आणि नेम

पावसाळ्यात आमच्या घाटात धुके असे उतरते की दहा हातांवरचे दिसत नाही. पसरणीच्या घाटात अशा वेळी एस.टी.चा चालक काय करतो? दरीकडे पाहत नाही, समोरच्या धुक्याकडेही पाहत नाही. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरतो आणि हळू चालवितो. नेम म्हणजे ती रेघ. शाळेत घंटा होती, घरी आई होती. महाविद्यालयात उठवणारे कोणी नाही, निजवणारे कोणी नाही. अशा मोकळेपणात नेमाशिवाय टिकाव लागणे कठीण.

ह्याचे उदाहरण लांब शोधावयास नको. महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे घाट उतरला की कृष्णाकाठी वाई लागते. तेथे नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी १९१६ मध्ये प्राज्ञपाठशाळा स्थापिली. १९१७ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन निघाले आणि वाईस शास्त्रीबुवांपाशी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे वाचावयास राहिले. तेथे त्यांच्यावर पाहारा करणारा कोणी नव्हता. तरी काय शिकलो, काय शिकविले, व्रते कशी पाळली, ह्याचा तपशीलवार हिशेब त्यांनी पत्राने गांधीजींना कळविला, आणि वर्ष पुरे झाले त्या ठरल्या दिवशी ते आश्रमात परत हजर झाले. घरच्यांनी न मागता आपल्या वर्षाचा असा हिशेब देता आला, तर त्या विद्यार्थ्यास कशाचे भय?

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. सकाळी उठून हरिपाठ म्हणावा; त्यास फार वेळ लागत नाही. रात्री निजण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्या : आज काय शिकलो, वेळ कोठे गेला, उद्या पहिले काम कोणते. मोबाईल निजताना उशाशी ठेवू नये. आठवड्यातून एकदा ग्रंथालयात जाऊन अभ्यासाबाहेरचे एक पुस्तक घ्यावे. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये भिलार हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. घराघरांतून पुस्तके मांडली आहेत आणि कोणीही बसून वाचावे. ज्यांच्या गावाशेजारी ही सोय आहे त्या मुलांनी वाचावयास सवड नाही म्हणावे, हे शोभत नाही.

पुष्कळ जण विचारतात, ‘परीक्षा एकादशीला आली तर? आषाढीच्या सुमारास प्रवेशाची धावपळ असते, वारी चुकते, तर?’ त्यांनी पुंडलिकाचे स्मरण करावे. साक्षात देव दारी आला, तरी पुंडलिकाने हातातली आईबापांची सेवा टाकली नाही. वीट फेकली आणि उभे राहावयास सांगितले. देव रागावला नाही, उभा राहिला. सावता महाराज अरणच्या मळ्यातच राहिले आणि देव मळ्यात आला. विद्यार्थ्याच्या हातातले कर्तव्य म्हणजे अध्ययन. परीक्षेच्या दिवशी अंगाला सोसेल तेवढे फराळाचे खाऊन पेपर लिहावा, उपासाने चक्कर आणून घेऊ नये. सुटीत वारी घडेल तेव्हा ती पायी करावी.

५. पैसा आणि श्रम

आईबापांनी पाठविलेला पैसा कोठून येतो हे मुलांना ठाऊक असते, तरी ते विसरले जाते. दोष त्यांचा एकट्याचा नाही. शहरात पैसा दिसत नाही, मोबाईलवर बोट लावले की जातो. म्हणून महिन्याचा खर्च लिहावा. झटपट कर्ज देणारी जी साधने मोबाईलवर येतात त्यांच्या वाटेस जाऊ नये. जुगाराचे खेळ दुसऱ्या नावांनी चालतात, त्यांसही हात लावू नये.

पैसा नाही म्हणून शिक्षण सोडण्याची मात्र घाई करू नये. साताऱ्याच्या मातीत ह्याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत, आपले काम आपण करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले गेले. मुलांच्या पोटाला कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि तेथे ‘कमवा व शिका’ ह्या योजनेने गरिबांची मुले स्वतःच्या श्रमावर पदवीधर झाली. २०२१ मध्ये साताऱ्यास कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ झाले; हे कॉलेज त्याचाच एक भाग आहे.

आपल्या मंडळींनी जाणून घ्यावे अशी आणखी एक गोष्ट. कऱ्हाडास १९५४ मध्ये रयतने जे महाविद्यालय काढले त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्या कीर्तनकाराने गावोगाव खराटा चालविला, भाकरी हातावर घेऊन खा पण पोरांना शिकवा असे ज्यांनी जन्मभर सांगितले, त्यांच्या नावाने कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या गावी महाविद्यालय उभे राहिले. कीर्तन आणि महाविद्यालय ह्यांत वैर आहे असे म्हणणाऱ्याने त्या पाटीपाशी एकदा उभे राहावे.

आज सरकारी साहाय्यही आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क भरण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केला. अटी असतात, मुदती असतात. प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारावे, लाजू नये. न विचारल्यामुळे हातची मदत गेली, असे होऊ देऊ नये.

६. विषय कसा निवडावा

विषय निवडताना दोन चुका होतात. बाप म्हणतो, शेजाऱ्याच्या मुलाने जे घेतले ते घे. मुलगा म्हणतो, मित्राने जे घेतले ते मी घेतो. दोन्ही ठिकाणी स्वतःचा अधिकार पाहिला जात नाही. आपल्या परंपरेत अधिकार हा शब्द मोठा आहे. त्याचा अर्थ हक्क एवढाच नव्हे. ज्याला जे पेलते, ज्यात त्याची बुद्धी आपोआप रमते, ते त्याचे. ज्ञानेश्वर माउलींनी स्वधर्माविषयी जे सांगितले त्याचा रोख हाच आहे.

काहींना वाटते की फार शिकले की भक्ती जाते. त्यांनी दोन चरित्रे ध्यानी घ्यावी. शंकर वामन दांडेकर, ज्यांना आपण सोनोपंत अथवा मामा म्हणतो, ते पुण्यास शिकत असताना जोग महाराजांच्या पायांशी आले. त्यांनी महाविद्यालयही सोडले नाही आणि महाराजांचे कीर्तनही सोडले नाही. पुढे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि त्यांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, ती आज घरोघरी पारायणास आहे. जोग महाराजांनी आळंदीस १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, ती तरी कशासाठी? वारकऱ्याने शिकावे, अर्थ जाणून बोलावे, ह्यासाठीच.

दुसरे चरित्र गुरुदेव रानडे यांचे. जमखंडीस शाळेत असताना १९०१ मध्ये त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले. उमदी आज सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात आहे. ते नाम घेऊनच ते पुण्यास शिकले, पुण्यास आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी शिकविले, आणि शेवटी अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जगाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि नामही सोडले नाही.

तथापि घेतलेला विषय पेलत नाही असे पुढे दिसून आले तर? पूर्वी वाटे की तीन वर्षे पुरी झाली नाहीत तर सगळे फुकट गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षी विशेष पदवी अशी पायऱ्यांची व्यवस्था सांगितली आहे, आणि मिळविलेले श्रेयांक जमा राहतात. थांबणे आणि पुन्हा येणे ह्यांची वाट आता उघडी आहे. मात्र कंटाळा आला म्हणून पायरी उतरू नये. शिक्षकाशी बोलावे, एक सत्र मनापासून प्रयत्न करावा, आणि मग ठरवावे.

७. अपयश

आता जे सांगावयाचे ते सर्वांत महत्त्वाचे. डोंगरपट्टीतील एका गावी कीर्तनानंतर एक गृहस्थ आमच्याकडे आले. मुलगा अभियांत्रिकीला शहरात होता. ‘महाराज, पोरानं माळ काढली. नास्तिक झालं. सुटीला आलं तरी देवळात येत नाही. तुम्ही चार शब्द सांगा.’ मुलगा घरी होता, त्यास बोलावले. आम्ही उपदेश केला नाही; जवळ बसवून घेतले आणि माळ कोठे आहे एवढेच विचारले. त्याने पाकिटातून काढून दाखविली. कागदात नीट गुंडाळून ठेवली होती. मग हळूहळू बोलला. चार विषय राहिले होते, घरी सांगितले नव्हते. बापाने गाय विकून शुल्क भरले होते. ‘खोटं बोलतोय, नापास झालोय, मग माळ कुठल्या तोंडानं घालू?’ असे म्हणाला. आणि पुढे अगदी खाली पाहून म्हणाला की कधी कधी दरीकडे बघवत नाही.

मंडळी, बापाला जे नास्तिकपण वाटले ते लाजेने झाकलेले दुःख होते. त्या मुलाची श्रद्धा गेली नव्हती. आपण तिला लायक नाही असे त्याच्या मनाने घेतले होते.

आम्ही त्यास सांगितले ते सर्वांना सांगतो. माळ हे पास झाल्याचे बक्षीस नव्हे. पुंडलिकाची कथा आपण विटेपासून सुरू करतो, पण ती आधीपासून सांगावी. तो आधी आईबापांना छळणारा मुलगा होता. काशीच्या वाटेवर कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो मागे फिरला. देव ज्याच्या दारी अठ्ठावीस युगे उभा आहे तो कधीही न चुकलेला मनुष्य नव्हे. चुकून परत आलेला मनुष्य आहे. चार विषय राहणे हा तर अपराधही नाही.

त्या संध्याकाळी मुलाने बापाला स्वतःच्या तोंडाने सांगितले. बाप बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘गाय पुन्हा घेता येईल.’ आमच्या जन्मभराच्या कीर्तनांत असे वाक्य आम्हास साधलेले नाही.

मुलांनो, मन फार खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो पापविचार म्हणून दाबून ठेवू नका. ताप आला म्हणजे वैद्याकडे जातो, तसेच हेही आहे. १४४१६ हा टेली-मानस ह्या सरकारी सेवेचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. रात्री-अपरात्री फोन करून आपल्या भाषेत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि सोबत्याच्या तोंडून असे काही निघाले तर त्याला एकटे सोडू नका, हसण्यावारी नेऊ नका, कोणातरी मोठ्या माणसाला लगेच सांगा. दिंडीतला वारकरी वाटेत बसला तर पुढे निघून जाणे आपल्याला ठाऊक नाही.

८. आईबापांस आणि गुरुजनांस

नचिकेत्याची कथा आम्ही वर सांगितली, त्यातला पहिला वर मुद्दाम राखून ठेवला होता. यमाच्या घरी उभ्या असलेल्या त्या मुलाने सर्वांत आधी काय मागितले? ज्ञान नव्हे, स्वर्ग नव्हे. ‘मी परत जाईन तेव्हा माझ्या बापाचा राग शांत झालेला असावा, त्याने मला ओळखावे आणि आनंदाने बोलावे’, हे मागितले. दूर गेलेल्या मुलाच्या मनात पहिली इच्छा हीच असते. तेव्हा फोनवर ‘मार्क किती पडले?’ हे नंतर विचारा, ‘जेवलास का? झोप लागते का?’ हे आधी विचारा. शिक्षणाचा खर्च मुलाला रोज ऐकवू नका. आणि मुलीला घाट उतरू देताना जी शंभर बंधने सांगता, त्यांतली निम्मी मुलालाही सांगा.

तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण पुरे झालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. खरे बोल, धर्माने वाग, स्वाध्याय सोडू नकोस, आई, बाप, गुरू आणि अतिथी यांना देव मान, हे आपण ऐकलेले असते. पुढचे सहसा सांगितले जात नाही. आचार्य म्हणतात की आमची जी चांगली वर्तने असतील तेवढीच उचल, बाकीची नको. केवढा हा मनाचा मोठेपणा! आणि आणखी म्हणतात की काय करावे असा संशय पडला, तर जे विचारी आहेत, कोणाच्या दडपणाखाली नाहीत, स्वभावाने रुक्ष नाहीत आणि धर्माची चाड बाळगतात, असे लोक तेथे कसे वागतात ते पाहा आणि तसे वाग. विद्यापीठात ज्या प्रसंगी पुस्तक उत्तर देत नाही, त्या प्रसंगासाठी ह्याहून चांगला नियम आम्हास ठाऊक नाही. ‘रुक्ष नाहीत’ हा शब्द विसरू नये. कोरडा कडक मनुष्य धार्मिक दिसतो, पण सल्ला त्याचा घेऊ नये.

काही आईबापांना वाटते की मूल दुसऱ्या विषयात, दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात गेले म्हणजे पंढरीपासून तुटले. कृष्णेचे पाणी पंढरपुरावरून जात नाही, हे खरे. ती वाई, कऱ्हाड, सांगली करीत निराळ्याच वाटेने जाते. परंतु चंद्रभागा म्हणजे आपली भीमा पुढे कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेलाच येऊन मिळते. विठोबाचे पाय धुऊन आलेले पाणी आपल्या महाबळेश्वरच्या पाण्याला वाटेत भेटते. मुलाने श्रेयाची वाट धरली असेल तर त्याचीही अशी भेट कोठे ना कोठे होईल. घाई करू नये.

९. सार

विद्यार्थ्याने रोज रात्री चार प्रश्न स्वतःस विचारावे. आज मी जे निवडले ते आरंभी गोड होते की शेवटी गोड होईल? मी कोणत्या दिंडीत चाललो? घरच्यांना सांगता येणार नाही असे काही केले काय? आणि माझ्यामुळे कोणा सोबत्याचे ओझे हलके झाले काय? उत्तरे कधी चांगली येतील, कधी वाईट येतील. वाईट आली तर निजून उठावे आणि सकाळी पुन्हा आरंभ करावा. निवड ही एकदाच करून संपत नाही.

येत्या आषाढात वारीस निघाल तेव्हा वाटेत पाठीवर दप्तर घेतलेली पुष्कळ मुले भेटतील. त्यांच्या पाया पडून घेऊ नका, त्यांना जवळ घ्या आणि काय शिकतोस म्हणून विचारा. ते सांगतील त्यातले निम्मे आपल्याला कळणार नाही. तरी पुरते ऐका.

रामकृष्णहरि.